९४, ८० की आणखी काही? आफ्रिकी प्रौढांच्या कमरेचा घेर आणि मेटाबोलिक सिंड्रोमचे निदान

दार-ए-सलाममधील एका कारखान्यात कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी करणाऱ्या एका मराठी डॉक्टरांचा प्रश्न असा आहे, की आफ्रिकी प्रौढांमध्ये मेटाबोलिक सिंड्रोम (कमर, रक्तदाब, साखर, एचडीएल म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, आणि ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातील चरबी, या पाच खुणांतील बिघाड एकत्र आढळणे) ठरवताना कमरेच्या घेराची कोणती मर्यादा धरावी. त्यांच्या छापील फॉर्मवर पुरुषांसाठी १०२ आणि स्त्रियांसाठी ८८ सेंटिमीटर हे आकडे आहेत, प्रयोगशाळेच्या संगणकात ९४ आणि ८० भरलेले आहेत, आणि पुण्यात शिकताना त्यांनी पाठ केलेले आकडे ९० आणि ८० होते. सोबत त्यांनी दोन टांझानियन कामगारांची माहिती दिली आहे. पहिला ४४ वर्षांचा पुरुष, कमर ८७ सेंटिमीटर, रक्तदाब १३८/८८, उपाशीपोटीची साखर ५.९, एचडीएल ०.९ आणि ट्रायग्लिसराइड १.१. दुसरी ३९ वर्षांची स्त्री, कमर ८४, रक्तदाब १२२/७८, साखर ५.७, एचडीएल १.१ आणि ट्रायग्लिसराइड ०.८. (साखर आणि चरबीचे आकडे तिकडच्या पद्धतीप्रमाणे मिलिमोल प्रति लिटरमध्ये आहेत, साखरेच्या आकड्याला १८ ने गुणले की आपल्या सवयीचे मिलिग्रॅम मिळतात.) यांपैकी कोणाला सिंड्रोम आहे म्हणायचे आणि कोणाला नाही, आणि व्यवस्थापनाला पाठवायच्या अहवालात काय लिहायचे, असे ते विचारतात.

डॉक्टर, मी दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलु-नाताळच्या ग्रामीण भागात नऊ वर्षे आणि त्यानंतर टांझानियात व्हिक्टोरिया सरोवराकाठी म्वान्झा येथे बराच काळ औषधवैद्यकतज्ज्ञ म्हणून काम केले, आणि तुमचा गोंधळ मला पहिल्याच वर्षी झाला होता. म्हणून आधी थोडक्यात उत्तर देतो आणि मग त्यामागचे कारण सांगतो. अहवालात, म्हणजे जिथे आकडे इतरांच्या आकड्यांशी जुळवायचे आहेत तिथे, २००९ ची एकत्रित व्याख्या वापरा आणि आफ्रिकी कामगारांसाठी ९४ आणि ८० लिहा. समोर बसलेल्या माणसाबाबत निर्णय घेताना मात्र पुरुषाच्या बाबतीत ९४ ची वाट पाहू नका, ऐंशीच्या थोडे पुढे गेले की बाकीच्या तपासण्या करा. आणि स्त्रीच्या बाबतीत ८० ओलांडले एवढ्यावरून तिला रोगी ठरवू नका. फॉर्मवरचे १०२ आणि ८८ काढून टाका, कारण त्या आकड्यांनी तुमच्या बहुतेक पुरुषांची कमर निर्दोष ठरेल.

हे सगळे आकडे आले कुठून, हे समजले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. १९८८ मध्ये जेराल्ड रीव्हन यांनी इन्सुलिन प्रतिरोधाभोवती (म्हणजे शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देण्याभोवती) जमणाऱ्या दोषांना ‘सिंड्रोम एक्स’ म्हटले, तेव्हा त्यात कमरेचा घेर नव्हताच. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८-९९ मध्ये व्याख्या केली तेव्हा कमर आणि नितंब यांचे गुणोत्तर आले. २००१ मध्ये अमेरिकी कोलेस्टेरॉल कार्यक्रमाच्या तिसऱ्या अहवालाने १०२ आणि ८८ हे आकडे घेतले, आणि २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने युरोपीय वंशाच्या लोकांसाठी ९४ आणि ८०, दक्षिण आशियाई लोकांसाठी ९० आणि ८० अशी वंशानुसार विभागणी केली. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेपुढे काय लिहिले होते? स्वतंत्र माहिती मिळेपर्यंत युरोपीय आकडे वापरावेत. २००९ मध्ये अनेक संघटनांनी मिळून जी एकत्रित व्याख्या केली, तिनेही ही तात्पुरती सोय तशीच पुढे चालवली.

आता हे युरोपीय आकडे तरी कसे निघाले ते पाहा. १९९५ मध्ये ग्लासगोच्या उत्तर भागातील स्त्री-पुरुषांची मापे घेऊन मायकेल लीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की पुरुषांत ९४ आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर कमर असली तर बीएमआय साधारण २५ च्या पुढे असतो, आणि १०२ व ८८ असली तर ३० च्या पुढे. म्हणजे या चारही आकड्यांची मुळे स्कॉटलंडमधील गोऱ्या लोकसंख्येच्या वजन-उंचीच्या नात्यात आहेत. ते आकडे त्यांच्या कामासाठी उत्तमच होते, कारण वजन कमी करण्याचा सल्ला कोणाला द्यावा एवढाच त्यांचा हेतू होता. पण दार-ए-सलामच्या गोदामात पोती उचलणाऱ्या माणसाचा मधुमेहाचा धोका ग्लासगोच्या त्या आकड्याने मोजताना आपण दोन उड्या एकदम मारतो: एक लोकसंख्येची, दुसरी हेतूची.

आफ्रिकेत प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा आकडे वेगळेच निघाले, आणि त्यांतील गमतीची गोष्ट अशी, की एका ठिकाणी तर स्त्री-पुरुषांचा क्रमच उलटा झाला. क्वाझुलु-नाताळमधील उबोम्बो या ग्रामीण भागात आयेशा मोटाला यांच्या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुरुषांसाठी ८६ आणि स्त्रियांसाठी ९२ हे आकडे सर्वांत योग्य ठरले. जोहान्सबर्गच्या सोवेटो वस्तीतील स्त्रियांवर नायजेल क्राउदर आणि शेन नॉरिस यांनी २०१२ मध्ये जो अभ्यास मांडला, त्यातही स्त्रियांसाठी आकडा ९२ च्या आसपासच निघाला, आणि ८० हा आकडा या स्त्रियांना लागू नाही, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. केप टाउनजवळच्या बेलव्हिल साउथमधील मिश्र वंशाच्या लोकसंख्येत तो दोघांसाठीही ९० निघाला. त्यानंतर २०१७ मध्ये केनेथ एकोरू आणि सहकाऱ्यांनी आठ देशांतील २४,१८१ व्यक्तींची माहिती एकत्र करून पुरुषांसाठी ८१.२ आणि स्त्रियांसाठी ८१.० असे आकडे काढले. पुरुषांच्या बाबतीत या अभ्यासांची दिशा एकच आहे: ९४ फार वर आहे. स्त्रियांच्या बाबतीत मात्र एक अभ्यास ८१ म्हणतो आणि दुसरा ९२. एका खंडातल्या एका लिंगाच्या आकड्यात ११ सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे नेमके काय होत आहे, हा तुमच्या प्रश्नामागचा खरा प्रश्न आहे.

त्याचे एक कारण गणितात आहे आणि दुसरे शरीरात. गणिताचे कारण आधी घेतो, कारण डॉक्टर मंडळी ते सहसा सोडून देतात. हे अभ्यास करताना प्रत्येक सेंटिमीटरला विचारले जाते, की या ठिकाणी रेघ मारली तर बाकीचे दोन किंवा अधिक दोष असलेले किती जण पकडले जातात आणि दोष नसलेले किती जण बाहेर राहतात. मग या दोन्हींची बेरीज जिथे सर्वांत मोठी येते, तो आकडा ‘योग्य’ ठरतो. या पद्धतीत दोन गृहीतके लपलेली आहेत. पहिले असे, की आजारी माणूस सुटणे आणि निरोगी माणूस विनाकारण पकडला जाणे या दोन्ही चुका सारख्याच महाग आहेत. तुमच्या दवाखान्यात तसे मुळीच नाही: विनाकारण पकडलेल्या माणसाला एक रक्ततपासणी जास्त पडते, सुटलेल्या माणसाला कदाचित पाच वर्षांनी पक्षाघात. दुसरे असे, की हा ‘योग्य’ आकडा ज्या लोकांवर मोजला त्यांच्या सरासरीकडे ओढला जातो. ज्या गावात बहुतेक स्त्रिया शेतात राबून सडपातळ आहेत तिथे रेघ खाली येते. ज्या वस्तीत बहुतेकींची कमर नव्वदीत आहे तिथे ८० वर रेघ मारली तर जवळजवळ सगळ्याच आत येतात, रेघ काही वेगळे करूच शकत नाही, आणि गणित ती वर सरकवते. म्वान्झाच्या कोळ्यांकडे दागा नावाच्या बोटाएवढ्या मासळीसाठी वेगळे जाळे असते आणि सांगारा नावाच्या मोठ्या माशासाठी वेगळे; जाळ्याचे भोक केवढे असावे, हे पाण्यात काय आहे आणि तुम्हाला काय हवे आहे यावर ठरते. सोवेटोचे ९२ आणि आठ देशांचे ८१ यांत कोणी चुकले आहे असे मला वाटत नाही; पाणी वेगळे होते.

शरीराचे कारण अधिक रंजक आहे. सारख्याच कमरेच्या युरोपीय आणि आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांची तुलना केली, तर आफ्रिकी स्त्रीच्या पोटात आतड्यांभोवतीची चरबी सहसा कमी आणि त्वचेखालची जास्त आढळते. यावरून ती अधिक सुरक्षित असली पाहिजे असे वाटेल, पण दक्षिण आफ्रिकेतील अभ्यासांत त्याच स्त्रिया इन्सुलिनला अधिक प्रतिरोध करणाऱ्याही आढळल्या आहेत. त्यामुळे ‘आतली चरबी कमी म्हणून धोका कमी’ हे सरळ गणित इथे चालत नाही; टेप जे मोजते आणि स्वादुपिंडावर जो ताण पडतो, त्यांचे नाते या लोकसंख्येत वेगळ्या प्रकारे जुळलेले आहे एवढेच म्हणता येते.

आणि ट्रायग्लिसराइड. पुण्यात किंवा नागपुरात पोट सुटलेल्या, साखर वाढू लागलेल्या माणसाचे ट्रायग्लिसराइड वाढलेले नसेल तर आपल्यालाच आश्चर्य वाटते, इतकी ती जोडी आपल्या डोळ्यांत बसलेली आहे. आफ्रिकी वंशाच्या लोकांत इन्सुलिन प्रतिरोध असूनही ट्रायग्लिसराइड बऱ्याचदा साधारणच राहते; रक्तातील ट्रायग्लिसराइड फोडणारे लायपोप्रोटीन लायपेज हे विकर त्यांच्यात प्रतिरोध असतानाही चांगले काम करत राहते, हे त्याचे एक मान्य स्पष्टीकरण आहे. तुमच्या दोन्ही कामगारांचे ट्रायग्लिसराइड पाहा: १.१ आणि ०.८. मर्यादा १.७ आहे. माझ्या पहिल्या वर्षी मी अशा आकड्यांवर विश्वास टाकून कितीतरी लोकांना ‘चरबी उत्तम आहे’ म्हणून घरी पाठवले. हा निरोप आपल्याकडच्या अनुभवावर बेतलेला होता आणि तिथे तो दिशाभूल करणारा होता. व्याख्येतील पाचपैकी एक खूण या लोकसंख्येत अशी मुकी असल्यामुळे उरलेल्या चारांवर, म्हणजे कमर, रक्तदाब, साखर आणि एचडीएल यांच्यावर, सगळा भार येतो. शिवाय वर सांगितलेल्या अभ्यासांत कमरेची रेघ याच पाच खुणांपैकी उरलेल्या चारांच्या आधारे काढलेली असते, त्यामुळे मोजण्याची काठीच थोडी वाकडी आहे. कोणाला पुढे प्रत्यक्षात पक्षाघात किंवा हृदयविकार झाला यावर त्या रेघा बेतलेल्या नाहीत, हेही लक्षात ठेवा.

एचडीएलचे नेमके उलट आहे. स्त्रियांसाठी १.३ पेक्षा कमी एचडीएल हा दोष मानला जातो, आणि आफ्रिकेतील सर्वेक्षणांत, अगदी सडपातळ ग्रामीण स्त्रियांतही, तो वारंवार सापडतो. आता ८० ची मर्यादा आणि १.३ ची मर्यादा एकत्र ठेवा. शहरात राहणाऱ्या आफ्रिकी स्त्रीला या दोन खुणा जवळजवळ फुकट मिळतात; तिसरी कोणतीही एक खूण लागली की निदान झाले. आफ्रिकेतील सर्वेक्षणांत मेटाबोलिक सिंड्रोम स्त्रियांत पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो, आणि त्यातील काही भाग खरा असला तरी काही भाग या दोन मर्यादांच्या जोडीने निर्माण केलेला आहे, असे माझे मत आहे.

आता तुमची दोन माणसे घेऊ. पुरुषाच्या बाबतीत रक्तदाब १३०/८५ च्या वर, साखर ५.६ च्या वर, एचडीएल १.० च्या खाली: तीन खुणा कमरेशिवायच झाल्या. २००९ च्या व्याख्येत पाचपैकी कोणत्याही तीन चालतात, म्हणून त्याला सिंड्रोम आहे, मग कमरेची मर्यादा ८१ धरा, ९४ धरा किंवा १०२. पण २००५ च्या व्याख्येत वाढलेली कमर ही सक्तीची अट होती. त्या व्याख्येने हाच माणूस ८७ सेंटिमीटरमुळे निरोगी ठरतो. तुमच्या संगणकात ९४ आणि ८० हे आकडे आहेत असे तुम्ही लिहिले, पण ते कमर सक्तीची धरून आहेत की नाही हे लिहिलेले नाही. ते आधी तपासा. आकडा बदलण्यापेक्षा ती एक अट काढल्याने तुमच्या यादीतील सुटणारे पुरुष अधिक सापडतील, कारण तिकडचा कष्टकरी पुरुष बारीक असतो आणि त्याचा रक्तदाब कमरेची वाट पाहत बसत नाही.

स्त्रीच्या बाबतीत उलट घडते. ८० ची मर्यादा धरली तर कमर, एचडीएल आणि साखर मिळून तीन खुणा होतात आणि तिला सिंड्रोम लागतो. ९२ धरली, किंवा फॉर्मवरची ८८ धरली, तर दोनच उरतात आणि तो जातो. तिच्या शरीरात मात्र या दोन ओळींच्या मध्ये काहीही बदललेले नाही. तिसरी खूण साखरेची आहे, ती ५.७, म्हणजे सुमारे १०३ मिलिग्रॅम. सिंड्रोमच्या मर्यादेच्या जेमतेम वर आणि जागतिक आरोग्य संघटना ज्याला बिघडलेली उपाशी साखर म्हणते त्या ६.१ च्या बरीच खाली. अशा माणसाच्या कपाळावर सिंड्रोमचा शिक्का मारायचा की नाही, हे कमरेवर सोडण्यापेक्षा साखर पुन्हा मोजून ठरवणे मला नेहमीच शहाणपणाचे वाटले आहे. ती खरोखर उपाशी होती का, हे विचारा. रात्रपाळी संपवून आलेली कामगार स्त्री दूध-साखरेचा चहा आणि एखादा मांदाझी (तळलेला गोड पाव) खाऊन येते, आणि ‘जेवले नाही’ हे तिचे म्हणणे तिच्या लेखी पूर्ण खरे असते. दुसरीकडे, नमुना फ्लोराइडच्या नळीत नसेल आणि गरम खोलीत पडून राहिला तर रक्तपेशी दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्के साखर खाऊन टाकतात, त्यामुळे ५.७ हे मुळात ६.२ असू शकते. त्याऐवजी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) करावे असा मोह होईल, पण सिकल सेलचा एक जनुक असणाऱ्यांत आणि जी६पीडी या विकराची कमतरता असणाऱ्यांत तो आकडा खोटा कमी येऊ शकतो, आणि हे दोन्ही तिकडे दुर्मिळ नाहीत.

मोजण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण दोन अभ्यासांतील पाच सेंटिमीटरवर वाद घालणारे डॉक्टर स्वतःच्या दवाखान्यातील पाच सेंटिमीटरकडे पाहत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत अशी, की शेवटची हाताला लागणारी बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये, दोन्ही पावले जवळ, हात सैल, आणि सहज श्वास सोडल्यानंतर मोजायचे. अमेरिकी पद्धतीत कमरेच्या हाडाच्या लगेच वर मोजतात. पुरुषांत या दोन जागांत फारसा फरक पडत नाही, स्त्रियांत मात्र काही सेंटिमीटरचा पडू शकतो. म्वान्झाला आमच्याकडे एका बाईंची कमर दोन आठवड्यांच्या अंतराने ९१ आणि ८५ अशी लिहिली गेली. चौकशी केल्यावर कळले, की एका परिचारिकेने कांगा (कमरेला गुंडाळायचे कापड) न सोडता बेंबीवर मोजले होते आणि दुसरीने कापड बाजूला करून बरगडीखाली. कांगा कमरेला दोनदा गुंडाळलेला असतो आणि त्याच्या आत कधी मण्यांच्या माळा असतात. मापासाठी ते सरकवायला सांगणे हे स्त्री कर्मचाऱ्यानेच, पडद्याआड आणि आदराने करायचे काम आहे. त्याच सुमारास मी आमची कापडी टेप सुताराच्या पोलादी टेपेवर ठेवून पाहिली, तेव्हा तिची १०० ची खूण १०३ वर निघाली. ताणलेली टेप प्रत्येकाची कमर कमी दाखवते आणि कोणाला शंकाही येत नाही. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी टेप बदलण्याचा नियम मी केला, आणि आमच्या वार्षिक आकड्यांत सर्वांत मोठा बदल त्या नियमाने झाला, कोणत्याही नव्या मर्यादेने नव्हे.

काही लोकांची कमर मोजून उपयोगच नसतो, तेही सांगून ठेवतो. बाळंतपणानंतरचे पहिले काही महिने, सरोवराकाठच्या शिस्टोसोमियासिसने वाढलेली प्लीहा किंवा पोटात झालेले पाणी, जुन्या मलेरियाची मोठी प्लीहा: या सगळ्यांत टेप चरबी मोजत नाही. एचआयव्हीच्या औषधांचा प्रश्न वेगळा आहे. जुन्या स्टाव्हुडीनवर राहिलेल्या रुग्णांचे हातपाय वाळलेले आणि पोट पुढे आलेले दिसते. आणि आता सर्वत्र वापरात असलेल्या डोल्युटेग्रॅव्हिरवर, विशेषतः स्त्रियांत, वजन वाढते हे जोहान्सबर्गच्या ॲडव्हान्स चाचणीत स्पष्ट दिसले. अशा रुग्णाला मी कोणत्याही मर्यादेशी ताडत नाही, त्याच्याच मागच्या मापाशी ताडतो.

तुमच्या कारखान्यात भारतीय वंशाचेही कर्मचारी असतील असे गृहीत धरतो. त्यांच्यासाठी ९० आणि ८० च वापरा. या मर्यादा माणूस कुठे राहतो यावर नाही, त्याच्या वंशावर ठरवलेल्या आहेत. मॉरिशससारख्या देशात, जिथे आपले मराठी भाषक पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, एकाच रांगेत उभ्या असलेल्या मराठी आणि आफ्रिकी वंशाच्या क्रिओल पुरुषांना म्हणूनच वेगवेगळे आकडे लागतात. ऐकायला विचित्र वाटते खरे. मिश्र वंशाच्या माणसाचे काय करायचे, असे कोणी विचारले तर मी उंचीकडे वळतो: कमर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी हा साधा नियम ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२२ मध्ये सर्व वंशांच्या प्रौढांसाठी स्वीकारला, आणि ०.५ ते ०.५९ हे वाढलेल्या व ०.६ आणि पुढे हे जास्त धोक्याचे टप्पे मानले. या नियमाचा मला आवडणारा गुण असा, की कामगाराला तो एका दोरीने समजावता येतो. उंचीएवढी दोरी घ्या, दुमडा, कमरेभोवती फिरवा. टोके भेटली नाहीत तर बोलू या.

हे बोलणे कसे करायचे, याचाही विचार तिकडे करावा लागतो. स्वाहिलीत सुटलेल्या पोटाला ‘कितांबी’ म्हणतात, आणि पुरुषाच्या कितांबीत थोडी समृद्धीची शेखी असते. त्याउलट झपाट्याने बारीक होणे ही १९८० च्या दशकापासून भीतीची खूण आहे. युगांडात एड्सला ‘स्लिम’ हेच नाव पडले होते. त्यामुळे ‘कमर कमी करा’ एवढेच सांगून पाठवलेली स्त्री तो सल्ला मानण्याची शक्यता कमी, कारण शेजारणी काय म्हणतील ते तिला ठाऊक असते. मी कमरेचा आकडा सांगण्याऐवजी रक्तदाब आणि साखरेचा आकडा सांगू लागलो, आणि सोड्याच्या बाटल्या, चहातली साखर, चिप्स-मायाई (बटाट्याच्या तळलेल्या कापांचे ऑम्लेट) आणि मीठ यांवर बोलू लागलो. उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, तिकडचे रोजचे अन्न) सोडायला मी कोणालाही सांगितले नाही. तिच्याबरोबर पालेभाजी जास्त घ्यायला सांगितले.

तुम्ही व्यवस्थापनाला पाठवायच्या अहवालाबद्दलही विचारले आहे. तिथे ‘मेटाबोलिक सिंड्रोम असलेले इतके टक्के’ एवढेच लिहू नका. त्याखाली उच्च रक्तदाब किती जणांना, साखर किती जणांची वाढलेली आणि कमर किती जणांची, हे वेगवेगळे लिहा, आणि कमरेची मर्यादा व मोजण्याची जागा तळाशी नोंदवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१० मध्येच म्हटले आहे, की ही संकल्पना शिकवण्यासाठी उपयोगी असली तरी रोजच्या निदानासाठी आणि उपचारांसाठी तिचा उपयोग मर्यादित आहे. माझा अनुभव त्याच बाजूने आहे. घाना आणि नायजेरियात झालेल्या सायरेन या पक्षाघाताच्या मोठ्या अभ्यासात कमर-नितंब गुणोत्तर धोक्याच्या यादीत होते, पण यादीच्या शिखरावर उच्च रक्तदाब होता. तुमच्याकडे वेळ आणि पैसे मोजके असतील, तर आधी रक्तदाब दोनदा नीट मोजा, मग साखर, मग कमर. चरबीची पूर्ण तपासणी ज्यांच्यात पहिल्या तिन्हींपैकी काही सापडले त्यांचीच केली तरी चालेल.

तेव्हा त्या पुरुषाला ताटकळत ठेवू नका. त्याचा रक्तदाब आठवड्याभरात वेगळ्या दिवशी पुन्हा मोजा, साखर पुन्हा करा, आणि दोन्ही तसेच राहिले तर ८७ सेंटिमीटरकडे न पाहता उपचाराचे बोलणे सुरू करा. त्या बाईंची उपाशीपोटीची साखर फ्लोराइडच्या नळीत, रात्रपाळी नसलेल्या दिवशी घ्या आणि तोवर अहवालातील त्यांचा रकाना मोकळा ठेवा. त्यांची कमर ८४ लिहिली आहे, ती कांग्यावरून मोजली होती का, हेही त्या दिवशी पाहा. आणि दोघांची उंची मोजून कळवा. तुमच्या प्रश्नात तेवढीच राहून गेली आहे.